कातिणींवरचा आळ

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात आमच्या घरी कातिणी मारण्यात आल्या. दोडक्याच्या मांडवावरच्या, कढीपत्त्यावरच्या, न्हाणीच्या भिंतीवरच्या, दिसतील तेवढ्या. घर डोंगरकड्याजवळ, शेताला लागून आहे. मागे परस आणि परसापलीकडे हळद.

निमित्त आईच्या मानेवरच्या पट्ट्याचं होतं. बोटभर रुंद, लाल, त्यावर बारीक पाणीदार फोड. असा पट्टा उठला की आमच्याकडे कातीण मुतली म्हणतात. कातीण म्हणजे कोळी. एकदा कातिणीचं नाव निघालं की आणखी चौकशी होत नाही. आईने गेरू उगाळून लावला आणि मांडवाकडे बोट दाखवलं.

घाबरली होती ती वहिनी. तिचं पहिलं लेकरू तेव्हा चार महिन्यांचं होतं. त्याची झोळी ओसरीत टांगलेली असायची.

"मी लेकराला घेऊन माहेरी जाते, आत्याबाई. कातिणी सरल्या की येते."

"जा की. तुझ्या माहेरच्या कातिणी लई शिकल्या-सवरल्या असतील," आई म्हणाली.

मांडवावरची मोठी कातीण मी पावसाळा सुरू झाल्यापासून पाहत होतो. पिवळे-काळे पट्टे, पाय जोडीजोडीने लांब केलेले, जाळ्यात पांढऱ्या धाग्याची नागमोडी शिवण. ती जाळ्याच्या मधोमध बसून असायची. सकाळी जिथे दिसे, संध्याकाळीही तिथेच. दोडक्याच्या पानांवर बारक्या, उड्या मारणाऱ्या कातिणी होत्या. त्यांतली एकही ओसरीत आलेली मी पाहिली नव्हती. तेवढंच मी दादाला सांगितलं.

"तू काय त्यांचा वकील हायेस?" दादा म्हणाला. सोयाबीनवर मारून उरलेलं औषध त्याने पंपात भरलं.

फवारणी झाली. परसातला भाजीपाला तोडणं बंद केलं. वहिनी माहेरी गेली नाही. झोळी ओसरीतच राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेकराची उजवी पापणी सुजलेली होती. गालापासून पापणीपर्यंत तसाच लाल ओघळ आला होता. डोळा उघडत नव्हता.

कळमनुरीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. वहिनीने त्यांना कातिणीचं सांगितलं. ते म्हणाले, कातिणीने असं होत नाही. एक बारीक किडा असतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या रसाने कातडी भाजते आणि खूण एखाद्या दिवसाने उठते. त्यांनी डोळा धुतला, मलम दिलं आणि विचारलं, "लेकरू झोपतं कुठं? वर दिवा कसला आहे?"

झोळीच्या बरोबर वर ट्यूबलाइट होती.

"डोळा जाईल का?" वहिनीने विचारलं.

"बुबुळाचं आज सांगता येणार नाही. सूज उतरू द्या."

त्या संध्याकाळी झोळी आतल्या खोलीत बांधली. ओसरीत ट्यूबलाइटखाली मी परातीत पाणी भरून ठेवलं. थोड्याच वेळात परातीत हिरवे तुडतुडे, पंख गळालेली वाळवी आणि शेणकिडे पडले. त्यांच्यात एक वेगळा किडा होता. पहिल्या नजरेला मुंगळा वाटावा असा, पण लांबट. अंग नारिंगी, डोकं काळं, पाठीवर निळसर काळा पट्टा, शेपटीचं टोक काळं. परातीच्या काठावर चढला तेव्हा शेपूट वर करून चालत होता. चमच्याने उचलून बाटलीत घातला. त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवला. हाच, असं त्यांनी फोनवर सांगितलं. त्याला आमच्या भागातलं नाव मी तरी ऐकलेलं नाही. ओल्या मातीत तो वाढतो आणि उजेडाकडे येतो.

वहिनीने बाटली हातात घेतली.

"हे तर रोजच असतंय, भाऊजी. परवा लेकराच्या गालावर बसलं होतं. मी पदरानं पुसलं." मग थांबून म्हणाली, "चांगलं दाबून पुसलं."

आईचा हात मानेकडे गेला. "माह्या बी मानेवर वळवळलं होतं कायतरी. मुंगळा समजून चोळून टाकला."

"मग कातिणी काहून मारल्या आपण?" दादाने विचारलं.

"आपण कशाला? पंप तुह्या पाठीवर होता," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादाने ओसरीतली ट्यूबलाइट काढली आणि पिवळा बल्ब लावला, तोही झोपायच्या जागेपासून दूर. लेकराला मच्छरदाणी आली. अंगावर काही बसलं तर फुंकायचं, चोळायचं न्हाई, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. वहिनीने मलम एकदाही चुकवलं नाही. आईच्या मानेवरचे फोड सुकले. लेकराचा डोळा मात्र मिटलेलाच होता. वहिनी मांडीवर घेऊन बसायची आणि दर थोड्या वेळाने खिडकीच्या उजेडात त्याचं तोंड वळवून बघायची.

आठवड्याच्या शेवटी सूज उतरली आणि पापणी अर्धी उघडली. त्याच दिवशी पुन्हा कळमनुरीला गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात औषधाचा थेंब टाकला आणि टॉर्चच्या उजेडात बुबुळ तपासलं. मग टॉर्च एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवली. लेकराचे दोन्ही डोळे उजेडामागे गेले. बुबुळाला इजा नव्हती.