आधीच लिहून ठेवलेली पत्रं

नांदगाव स्टेशनावर माझ्या बायकोच्या, कमलच्या, कडेवर आठ महिन्यांची चिमी होती. गाडी सुटायला आली तरी तिनं माझ्या शर्टाचं बटण सोडलं नाही. शेवटी तिची मूठ मीच उघडली. अण्णा, माझे वडील, एवढंच म्हणाले, "पत्र टाकीत जाय. पत्र नाय आलं तर ही जेवत नाय."

कमलला वाचता येत नव्हतं. तिला लिहिलेली माझी पत्रं अण्णा ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. आता सासऱ्याच्या तोंडून बायकोला काय सांगणार? म्हणून सगळी माया मी चिमीच्या चौकशीत घालायचो.

आमच्या पलटणीला जहाजानं शांतिसेनेत श्रीलंकेला नेलं. काही महिन्यांनी आमची तुकडी जंगलातल्या चौकीवर निघाली. तिथून टपाल जाणार नव्हतं. मी एका बैठकीत सहा पत्रं लिहिली आणि तळावरच्या मित्राला म्हणालो, दर आठवड्याला एक टाक. केवढा हुशार समजत होतो स्वतःला! पहिल्यात विचारलं, चिमी उभी राहते का? तिसऱ्यात, पावलं टाकते का? सहाव्यात लिहिलं, आता अंगणभर पळत असेल, विहिरीकडे लक्ष ठेव.

दोन महिन्यांनी परतलो, तर अण्णांचं पत्र पडून होतं. मी जंगलात गेलो त्याच आठवड्यात चिमी तापानं गेली होती. माझी सहाही पत्रं त्यानंतर घरी पोचली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रजेवर गेलो तेव्हा कमल त्या पत्रांबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. पुढे पेन्शन, नाशकात सिक्युरिटीची ड्युटी, लिफ्टवाल्या बिल्डिंगमधला फ्लॅट. माझ्याबरोबर त्या जहाजात होते ते तुम्ही फोनवर विचारता, गावी का जात नाहीस? तो ओटा मला बघवत नाही, दोस्तांनो.

परवा कमलनं बिस्किटांच्या जुन्या डब्यातून ती पत्रं काढली. घड्यांवर पार विरलेली. मी म्हणालो, "फाडून टाक. चुकलं माझं."

"काय चुकलं? पोर गेल्यावर घरात कोणी तिचं नाव घेईना. तुमची पत्रंच तेवढी तिला विचारायची. मीच अण्णांना म्हणायची, परत वाचा." तिनं सहावं पत्र माझ्या हातात दिलं. "आता अण्णा नाय. तुम्ही वाचा."

कोणी घर कुठं विचारलं, तर पूर्वी गावाचं नाव सांगायचो; आता मी हा फ्लॅटच सांगतो. दुपारचा चहा झाला की ती डबा आणते, मी वाचतो. 'विहिरीकडे लक्ष ठेव' या ओळीपाशी आलो की मी तिच्याकडे बघतो.

"ठेवते," कमल म्हणते.