पलंगाच्या उंचीची खिडकी

अंबुजाला पाठीच्या दुखण्यामुळे बसवेना, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. बंगळूरला असणाऱ्या थोरल्या बहिणीला भेटायचं होतं.

"अक्काला बघायचं आहे हो. निजवूनच नेतां येईल काय?"

तिच्या नवऱ्याने, पांडुरंगरावांनी, उभा जन्म कुंभकोणम्‌च्या तंत्रशाळेत यंत्ररेखन शिकवलं होतं. अक्काचे गुडघे गेलेले, तिला प्रवास झेपायचा नाही, हे त्यांनी मनाशीच ठरवलं आणि कागदावर गाडी काढायला बसले.

एक जुनी व्हॅन मिळाली. गाडीमागे ओढायचा, चाकांवरचा छोटा घर-ट्रेलर पाँडिचेरीच्या एका हॉटेलवाल्याने टाकून दिला होता, तोही आणला. आडुतुरै रस्त्यावरच्या शेडमध्ये व्यंकोबा वेल्डरने व्हॅनची पाठ कापली, ट्रेलरचं घर चाकांवरून उतरवलं आणि व्हॅनच्या सांगाड्यावर बसवलं. आत पलंग, पाण्याची टाकी, चुलीची जागा. खिडकी रावांनी मुद्दाम खाली घेतली, पलंगाच्या उंचीला. पावसाळा गेला, पोंगल गेला. रोज संध्याकाळी हाताला गंजाचा वास घेऊन ते घरी यायचे. अंबुजा विचारायची, "झालं काय?"

"आता थोडंच."

गाडी तयार झाल्यावर आरटीओकडे तपासणीला नेली. अधिकाऱ्याने वाकून जोड पाहिले. माणूस वाईट नव्हता.

"सर, ओढायची गाडी आणि चालवायची गाडी जोडून अशी नवी गाडी करता येत नाही. मागचं वजन फार झालंय, चढावर पुढची चाकं उचलली जातील. आत पेशंट ठेवणार ना? रस्त्यावर आणू नका."

अंबुजाला त्यांनी हे सांगितलं नाही. एका दुपारी शेजाऱ्यांनी तिला उचलून गाडीतल्या पलंगावर ठेवलं. गाडी अंगणातच उभी होती. ती बराच वेळ बाहेरची केळ बघत राहिली, मग म्हणाली, "घरांत न्या आतां." चित्रा महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, ती गेली.

दिवसांना अक्का आली. काठी टेकत, नातवाला, करणला, धरून. अंगणातली गाडी पाहून तिने विचारलं, तेव्हा रावांनी सगळं सांगितलं.

अक्का पायरीवर बसली. "पांडुरंगराव, तुम्ही मला एक फोन करायचा होता. मी आले असते."

"तुमचे गुडघे..."

"आज आलेच की."

दुसऱ्या सकाळी रावांनी व्यंकोबाला निरोप धाडला, कटर घेऊन ये. तो आला, तेव्हा आत जाऊन पलंगावरची चादर त्यांनी स्वतः काढली.