हिरव्या सायकलचं जन्मसाल

एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. शिकागोच्या ज्या कंपनीने एके काळी त्या दणकट सायकली बनवल्या, ती फ्रेमचा नंबर मागच्या चाकाच्या आसापाशी ठोकायची. पन्नाशीतल्या, बायफोकल लावणाऱ्या माणसाने तो वाचायचा कसा? तर शवासनात.

१९७० मध्ये कंपनीला दया आली आणि नंबर हँडलखालच्या उभ्या नळीवर गेला. माझा आक्षेप एवढाच, की ही दया पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली नाही.

मी जुन्या अमेरिकन सायकली जमवतो. आमच्या सौभाग्यवतींच्या मते गराज ही गाडी ठेवायची जागा असते... असो. फ्रेम कुठली, कधीची, असं विचारत लोक मला फोटो पाठवतात. नळ्या जुळतात तो सांधा गुळगुळीत असेल तर शिकागो, त्यावर धातूची बाही चढवलेली दिसली तर बहुधा जपान.

साल मात्र नंबरातून कळतं. पहिलं अक्षर महिना, दुसरं वर्ष... ए म्हणजे पासष्ट, बी म्हणजे सहासष्ट. शाळेत देव शब्द चालवला तसा हा तक्ता मी पाठ केला आणि लेकीकडूनही करून घेतला. मृणाल पंधरा वर्षांची, जन्म इथला, अमेरिकेतलाच. देव तिला चालवता येत नाही, तक्ता येतो.

तर परवा शनिवारी सकाळी आम्ही दोघं इथे कॅरी गावातल्या ग्रीनवेवर, म्हणजे झाडीतल्या सायकलवाटेवर, गेलो होतो. पार्किंग लॉटमध्ये मी रॅकवरून माझी हिरवी सायकल उतरवली. गेल्या वर्षी, २००५ मध्ये, एका गराज सेलला, कुणाच्या तरी दारात विकायला मांडलेल्या जुन्या सामानात, मिळालेली.

माझ्याच वयाचे एक गोरे गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. मला वाटलं, चला, रसिक भेटला.

ही माझी सायकल आहे, ते शांतपणे म्हणाले. सहासष्टच्या ख्रिसमसला वडिलांनी दिलेली, गेल्या उन्हाळ्यात गराजमधून चोरीला गेलेली. तुम्ही कुठून घेतली? मी सांगितलं. पावती आहे? गराज सेलला पावती कोण देतं... मग पोलिसच काय ते बघतील, असं म्हणून त्यांनी खिशातून फोन काढून उघडला.

आता खरं सांगतो. उत्तर मला त्याच क्षणी माहीत होतं. नंबर पुढच्या, हँडलखालच्या नळीवर, माझ्या डोळ्यांसमोर होता आणि दुसरं अक्षर एच होतं... बहात्तर. सहासष्टच्या सायकलला तिथे नंबर असूच शकत नाही. एका वाक्याचं काम होतं.

पण माझ्या डोक्यात भलताच तक्ता सुरू झाला. ग्रीन कार्डची फाइल सहा वर्षं अडकलेली. फॉर्मवरचा तो रकाना, आपल्याला कधी अटक झाली होती काय... वकिलाला काय सांगायचं, ऑफिसात काय सांगायचं. पोलिस यायच्या आधीच मी मनातल्या मनात बॅगा भरून मोकळा झालो.

आणि मी हसलो. ऑफिसात वापरतो ते हसू. म्हणालो, "सर, प्लीज, यू टेक इट. नो प्रॉब्लेम."

त्यांचा चेहरा एकदम कठोर झाला. तुमची असेल तर देताय कशाला, त्यांनी विचारलं. तोवर त्यांना नुसता संशय होता. मी स्वतःच्या तोंडाने त्याची खात्री करून दिली होती. ते आकडे दाबू लागले.

"बाबा, डोन्ट," मृणाल म्हणाली.

मग त्यांच्याकडे वळून तिने अगदी सरळ आवाजात विचारलं, तुमच्या सायकलचा नंबर कुठे होता? त्यांचं बोट थांबलं. मागे, आसापाशी, डाव्या बाजूला, ते म्हणाले. लहानपणी वडिलांनी तो वहीत उतरवून घ्यायला लावला होता.

ती सरळ डांबरावर आडवी झाली. इथे काही नाही, या, बघा, म्हणाली. ते गुडघ्यांवर बसले, अंगठ्याच्या नखाने रंग खरवडून पाहिला. रंगाखाली दबला असेल, असं पुटपुटले. आणि कोणी घासून काढलाय असं म्हणाले असते, तर?

मृणालने दप्तरातून कागद आणि पेन्सिल काढली. कागद त्या जागी दाबून धरून वरून पेन्सिल फिरवली. नुसता करडा डाग उमटला, एक रेघ नाही. मग तोच कागद तिने पुढच्या नळीवर धरला आणि पांढरी अक्षरं हळूहळू वर आली. एफ. एच. मग आकडे.

"जून, सेव्हन्टी-टू," ती म्हणाली. "युअर्स वॉज ओल्डर, सर."

तक्ता तिने त्यांना बोटांवर मोजून दाखवला. त्यांनी कागद पुन्हा नळीवरच्या अक्षरांशी ताडून पाहिला, मग फोन मिटला. माफी मागितली. वर्षभर प्रत्येक हिरव्या सायकलपाशी असाच थांबतो, म्हणाले. माणूस वाईट नव्हता. जाताना हात मिळवला तो आधी मृणालशी. त्यांना अजून पाठ असलेला त्यांच्या सायकलचा नंबर मी लिहून घेतला, जुन्या सायकलींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवीन म्हणालो. ठेवणार आहे.

त्या दिवशी सायकली चालवल्याच नाहीत. गाडीत बसल्यावर मृणालने विचारलं, "तुला माहीत होतं ना? यू न्यू."

हो म्हणालो. तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ग्रीन कार्डची काळजी मला आहेच, ती काही लपवण्यासारखी गोष्ट नाही. पण परवापासून झोप उडालीय ती दुसऱ्याच कारणाने. आपली वस्तू आपली आहे हे पक्कं ठाऊक असताना तिचा बाप ती हसत हसत द्यायला निघाला, हे तिने पाहिलं. आजवर असं किती वेळा पाहिलं असेल, कोण जाणे... आणि त्यातलं किती उचललं असेल, हे तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.