उलट्या हाताची खात्री

तिसऱ्या मजल्यावरचे बंबवाले भाऊजी मोठमोठ्या आगी विझवून यायचे आणि स्वतःच्या दारापुढे मात्र बसून राहायचे. किल्ली खिशात, स्वारी पायरीवर! “काय भाऊजी, आजही हकालपट्टी का?” जाता-येता कुणीतरी चिमटा काढायचंच.

खरं वेगळंच होतं. बंद दार उघडण्याआधी ते तापलंय का हे उलट्या हातानं चाचपायचं, ही त्यांच्या कामातली पहिली शिकवण. सहा महिन्यांपूर्वी एका गोदामाच्या आगीत घाईघाईत त्यांच्याकडून ते राहून गेलं, दार उघडताच ज्वाळा उसळल्या आणि त्यांचा जोडीदार गेला. तेव्हापासून दार कितीही गार लागलं, तरी भाऊजींचा स्वतःच्या हातावर विश्वास बसेना.

वहिनींनी त्यांना डॉक्टरांकडे नेलंच, पण एक औषध घरचंही काढलं. परवा भाऊजींच्या पावलांचा आवाज ऐकून त्या नेहमीप्रमाणे दार उघडण्याऐवजी आतूनच बोलल्या, “अहो, दार गार आहे.”

“उलट्या हातानं बघितलंस?”

“बघितलं. वरपासून खालपर्यंत. आता तुम्ही बघा, चहा ओतलाय.”

भाऊजींनी हात लावला. बराच वेळ ठेवला. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या कुलपात किल्ली फिरली, आणि ती ऐकायला अख्खा जिना श्वास रोखून उभा होता.