मीठ कमी आहे

आखातातल्या अल ऐनच्या हॉस्पिटलात माझ्या नवऱ्याची केमो चालू होती, तेव्हा शेजारच्या खुर्चीत रत्नागिरीकडचा एक केटरर असायचा. त्याला घशाचा कॅन्सर होता. औषधांनी त्याच्या जिभेची चव पार गेली होती, तरी दर केमोला तो स्वतः रांधलेल्या कोळंबी पुलावाचा डबा घेऊन यायचा. सलाइन लागलं की सिस्टरना वाढायला लावायचा आणि खाणाऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचा. सगळे म्हणायचे, "एकदम मस्त!"

एकदा मी बोलून गेले, "मीठ कमी आहे." नवऱ्यानं मला कोपरानं ढोसलं.

तो मात्र ताठ बसला. बसक्या आवाजात म्हणाला, "शाबास, भाभी! बाकीचे माझ्या आजाराकडे बघून मस्त म्हणतात. आजारी माझा घसा आहे, माझा हात नाही."

पुढच्या वेळी डबा आधी माझ्यापुढे आला. मी चाखेपर्यंत त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. मी सावकाश घास खाल्ला आणि म्हटलं, "आता बरोबर."

त्यानं सुई टोचलेला हात उचलला आणि मालकाच्या रुबाबात हुकूम सोडला, "यल्ला, चला सिस्टर, वाढा सगळ्यांना!"