मॉरीनबाईंचा न काढलेला फोटो

छातीचा एक्स-रे काढताना माणसं हमखास हलतात. "श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका" हे मी इंग्रजीत, हिंदीत, मोडक्यातोडक्या अरबीत दिवसभर ओरडत असते, तरी कुणी खोकतं, कुणी मान वळवून माझ्याकडेच बघतं. सहा वर्षांपूर्वी ऐंशीच्या घरातल्या एक गोऱ्या बाई काठी टेकत आत आल्या. काठी माझ्या हातात दिली, हनुवटी वर केली, खांदे पुढे घेतले आणि मी तोंड उघडायच्या आत अशा थिजल्या की मीच घाबरले. म्हटलं, गेली की काय म्हातारी! "झालं?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं. "एवढा एकच? आमच्या वेळी दुपारभर काढत बसायचे."

या मॉरीनबाई. बहरीनमधल्या मुहर्रकच्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. नवरा विमानतळावर इंजिनिअर होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. इंग्लंडला परत का जात नाही, असं विचारलं की म्हणायच्या, "तिथे मला कुणी ओळखत नाही. इथेही ओळखत नाही, पण इथे ऊन तरी आहे." त्यांचं इंग्रजी मी माझ्या मराठीत सांगते आहे. मधूनमधून त्या इथलं अरबी 'यल्ला', म्हणजे चला, आणि 'खलास' पेरायच्या, ते मात्र तसंच.

पाहता पाहता ड्यूटीवरून आलं की त्यांच्याकडे चहा घ्यायचा असा माझा शिरस्ता झाला. एक दिवस त्यांनी कपाटातून काही मासिकं काढली. लंडनची, पन्नासच्या दशकातली, खिशात मावतील एवढी. न्हाव्याच्या दुकानात आणि स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळायची म्हणे. मुखपृष्ठावर विशीतली मॉरीन, अंगावर एक टॉवेल, तोही नावालाच. "अगं बाई!" माझ्या तोंडून मराठीतच निघालं. मी अमरावतीची, आमच्या घरात बाईने दारात केस मोकळे सोडले तरी आजी डोळे वटारायची. बाई खो खो हसल्या. "ग्लॅमर म्हणजे काय, सांगू? थंडीने कुडकुडत असताना उकडतंय असं दाखवणं. फोटो काढायचे त्या माळ्यावर एकच रॉकेलचा स्टोव्ह होता, आणि तो फोटोग्राफरच्या पायाशी असायचा."

त्यांना त्या कामाची लाज नव्हती आणि फारसा अभिमानही नव्हता. नवऱ्याने लग्नानंतर ते बंद करायला लावलं, एवढं एकदाच बोलल्या. पण फोटो पाहायची नजर! आमच्या हॉलमध्ये माझ्या आईबाबांचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो आहे. तो त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हिला हस म्हणणारा माणूस हिला आवडत नव्हता." मला असा राग आला म्हणता! हस म्हणणारे आमचे बाबाच होते. आठवडाभर मी खाली गेले नाही. पण तेव्हापासून त्या फोटोतलं आईचं हसू मला पूर्वीसारखं दिसत नाही, ते नाहीच दिसत.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या भाच्याकडून पत्ता मिळवून इंग्लंडच्या एका गृहस्थांनी निरोप पाठवला. कॉलिन नावाचे, निवृत्त. अशी जुनी मासिकं जमवायची आणि इंटरनेटवर त्यांची माहिती लिहायची, हा त्यांचा छंद. बोटीने सफरीवर निघाले होते, बोट बहरीनला एक दिवस थांबणार होती. "तुम्हाला भेटणं हे माझं आयुष्यभराचं स्वप्न आहे. माझा चांगला कॅमेरा बरोबर आणतो आहे." बाईंची दृष्टी अधू झालेली, म्हणून निरोप मी वाचून दाखवला. कॅमेऱ्याचं वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "व्हॅश, शेवटचा फोटो काढला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्यानंतर पासपोर्टचे सोडले तर कुणीच काढला नाही. एक काढून घ्यायचाय मला. आत्ताचा."

माझ्या वैशाली या नावाचं व्हॅश करून टाकलेली, दातांच्या कवळीवरून माझ्याशी थट्टा करणारी ही बाई एकाएकी नव्या नवरीसारखी कामाला लागली. पार्लरवाली घरी बोलावली. लिपस्टिकचे रंग मनगटावर ओढून खिडकीत धरून पाहिले. त्या दिवशी मी सुट्टी घेतली. सकाळी गेले तर बाई पायांवरचे घट्ट मोजे काढून बसलेल्या. सुजेसाठी डॉक्टरांनी दिलेले, दिवसभर घालायचेच होते. "अहो आंटी, हे काय! पाय बघा," मी ओरडले. तर मला म्हणतात कशा, "इलॅस्टिकचे वळ उठतात ना गं. आम्ही कामाच्या दिवशी सकाळपासून घट्ट काही घालायचोच नाही. कातडीवर रेघ दिसली की फोटो वाया." मी कपाळावर हात मारून घेतला. फोटोत पाय कोण घेणार होतं? पण ऐकतील तर शपथ.

कॉलिनसाहेब दुपारी आले. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? फुलं आणली होती, बाईंच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि गळ्यात खरंच भला मोठा कॅमेरा. टेबलावर त्यांनी आपली मासिकं मांडली. बाईंनी एकेकावर सही केली. कुठला फोटो कुठे काढला, समुद्राचा पडदा कसा रंगवला होता, सगळं सांगितलं. त्यांनी भक्तिभावाने ऐकलं. मग कॅमेरा हातात घेतला. बाईंनी मान किंचित तिरकी केली, हनुवटी खाली घेतली, नजर वर, आणि सुजलेले पाय एकावर एक ठेवले. मी श्वास रोखून उभी.

कॉलिनसाहेब टेबलावर वाकले. "मॅडम, जरा बाजूला सरकता का? तुमची सावली मासिकावर पडते आहे."

बाई सरकल्या. साहेबांनी प्रत्येक सहीचा फोटो काढला, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी. मग कॅमेरा पिशवीत गेला, पाच वेळा आभार मानले, टॅक्सी आली. त्यांचं स्वप्न पूर्ण झालं होतं. दार लावून मी परत आले, तर बाई अजून तशाच बसलेल्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि त्या माणसाच्या नावाने चार शिव्याही ओठांवर आल्या होत्या.

"लंडनमध्ये हौशी लोकांचे क्लब असायचे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पैसे भरून मॉडेलचे फोटो काढायला यायचे. कितीतरी जणांच्या कॅमेऱ्यात रोलच नसायचा, नुसतं बघायला यायचे. आम्हाला कळायचं. हसायचो आम्ही त्यांना." मग म्हणाल्या, "पण बटण तरी दाबायचे गं."

मी फोन काढला. म्हटलं, "आंटी, बसा तशाच, मी काढते." त्यांनी हाताने फोन खाली केला. "नको. तू मला बरं वाटावं म्हणून काढशील. मोजे दे इकडे. यल्ला."

मार्चमध्ये त्या गेल्या. चर्चमधल्या एका बाईंनी शवपेटीजवळ ठेवायला मला त्यांचा अलीकडचा फोटो मागितला. माझ्या फोनमध्ये भाजीचेसुद्धा फोटो आहेत, मॉरीनबाईंचा एकही नाही. "इतक्या वर्षांत एकही नाही?" त्यांनी विचारलं. नाही. शेवटी नुसती फुलं ठेवली.

आता कधी फार आठवण आली की इंटरनेटवर त्यांचं नाव टाकते. लगेच ती टॉवेलवाली पोरगी हसत समोर येते. जिला मी जन्मात भेटले नाही, तिचा चेहरा मला पाठ झाला आहे. जिच्याबरोबर सहा वर्षं चहा प्यायले, तिचा चेहरा डोळे मिटून आणायला बसले की आता नीटसा येत नाही.