देवरावभाऊंच्या नावावर शेंडे

"ताई, माझं नाव टाकलं का पहिले शेंडेच निघते! माझ्या नावावर तो काहून बसून राहिला?"

देवरावभाऊंनी मोबाइल माझ्या टेबलावर आपटला. वाडीत त्यांचा घरसामान हलवायचा धंदा. जुनी गिऱ्हाइकं इंटरनेटवर त्यांचं नाव शोधत आणि वरच्या जाहिरातीला भुलून शेंडेला फोन करत. धंदा बसत चालला होता. त्यात शेंडे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याचं लग्नही यांनीच जुळवलेलं. खरं दुखणं ते होतं.

मी स्पर्धा कायद्याची वकील. त्यांना समजावलं, की सर्च कंपनी नावांचा लिलाव करते. तुमच्या नावावर जो बोली लावेल, त्याची जाहिरात वर. सगळा बाजार एकाच कंपनीच्या हातात असेल आणि ती मनमानी करत असेल, तर स्पर्धा आयोगाकडे तक्रार करता येते. जाहिरातीवर कोणी क्लिक केलं, की जाहिरातदाराचे पैसे कटतात, हेही बोलून गेले. तिथेच चुकलं.

भाऊंचं घरदार, हमाल, ड्रायव्हर, सगळे शेंडेची जाहिरात दाबत सुटले. आठवडाभरात शेंडे माझ्या प्रताप नगरच्या ऑफिसात धडकला. समोर भाऊ बसलेले.

"क्लिकवर क्लिक, अन् गिऱ्हाईक एक नाही. भाऊ, हे तुम्हीच करून राहिले नं?"

"माझं नाव काहून घेतलं गा तू?"

"मी कुठं मांगितलं? सिस्टीमनं सुचवलं, मी हो म्हटलं. आता माझ्या नावावर दुसरा बसू नये म्हणून मले माझंच नाव विकत घ्या लागते!"

भाऊंनी शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "जेवला का?"

मी चहा मागवला. पण तो संपायच्या आत भाऊंनी फर्मान सोडलं, "ताई, स्टॅम्प पेपर काढा. आम्ही एकमेकाच्या नावावर बसणार नाही."

मी जवळजवळ ओरडलेच. "अजिबात नाही! दोन स्पर्धकांनी आपसात असं ठरवणं हेच कायद्याविरुद्ध धरतात. आयोग आधी तुम्हालाच बोलावेल."

"म्हणजे भांडलो तरी केस, अन् गोडीनं राहिलो तरी केस?"

"हो. खोटे क्लिक म्हणजे फसवणूक, ते बंद करा. जाहिरातीचं ज्याचं त्यानं घरी जाऊन ठरवा. एकमेकांना विचारूसुद्धा नका."

कंपनीविरुद्धच्या तक्रारीवर मात्र दोघांनी सह्या केल्या. निकाल यायचाय.

दोन दिवसांनी भाऊंचा फोन. "ताई, वर मीच निघून राहिलो! शेंडेले मी काही विचारलं नाही, हं."

"विचारूही नका."

"पोळ्याले जेवायले बोलावलं फक्त. ते चालते नं?"

भांडणारे अशील परवडतात. एकमेकांवर जीव असलेले दोन स्पर्धक सांभाळताना वकिलाच्या नाकी नऊ येतात. मी मनातल्या मनात अख्खा कायदा चाळला आणि म्हटलं, "चालतं. पण जेवताना धंद्याचं बोलू नका."